काचपेटीतले पाणी : अर्धाच शिकवलेला धडा

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक मांडणी हमखास असते. काचेची पेटी, तळाशी रंगीत खडे, चारपाच गोल्डफिश, हायड्रिलाच्या दोन जुड्या आणि मागे पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले 'संतुलित परिसंस्था'. पुठ्ठ्यावर दोन बाण काढलेले असतात. माशाकडून वनस्पतीकडे जाणारा कार्बन डायऑक्साइडचा, वनस्पतीकडून माशाकडे येणारा ऑक्सिजनचा. शेजारी उभी असलेली सातवी-आठवीतली मुलगी हे सगळे न अडखळता सांगते आणि शेवटी म्हणते, "म्हणून या पेटीत पाणी बदलावे लागत नाही." प्रदर्शन तीन दिवसांचे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो, तिसऱ्या दिवशी आणखी दोन. का मेले असे विचारले की उत्तर येते, "ऑक्सिजन कमी पडला."

या उत्तराबद्दल त्या मुलीला दोष देता येणार नाही. तिला जे चित्र शिकवले, त्यातून दुसरे उत्तर निघतच नाही. त्या चित्रात दोनच गोष्टींची देवघेव आहे आणि दोन्ही वायू आहेत. तेव्हा काही बिघडले तर एखादा वायू कमी किंवा जास्त झाला असणार! प्रस्तुत लेखातली तक्रार आहे ती या चित्राविषयी. ते खोटे नाही, अर्धे आहे. पण ते अशा ठिकाणी कापलेले आहे की, उरलेला भाग ठाऊक नसलेला माणूस पाणी चांगले राहावे म्हणून जे जे करतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी ते बिघडते.

हे चित्र आले कोठून? जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये बंदिस्त हवेत पुदिन्याची डहाळी ठेवून दाखवले की, मेणबत्ती जळून निकामी झालेली हवा वनस्पती पुन्हा सुधारते. इंगेनहौस यांनी १७७९ मध्ये त्याला प्रकाशाची अट जोडली. हीच कल्पना पाण्यात उतरवून पाहिली ती रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. सुमारे बारा गॅलनचे, म्हणजे पन्नासएक लिटरचे काचपात्र त्यांनी घेतले, ते निम्मे झऱ्याच्या पाण्याने भरले, त्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचे एक रोप लावले. थोड्या दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली व पाणी गढुळले. तेव्हा वॉरिंग्टननी त्यात तळ्यातल्या शंखाच्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले, शिवाय गोगलगायींची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. या प्रयोगाचा वृत्तान्त त्यांनी १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे ठेवला. तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले. दिवाणखान्यात काचपेटी ठेवण्याची हौस तेथून पसरली. प्राणी आणि वनस्पती यांचे प्रमाण जमले की पाणी आपोआप शुद्ध राहते, हे तत्त्वही त्या हौशीबरोबर घरोघर गेले.

वॉरिंग्टन यांचा प्रयोग फसवा नव्हता. त्यांचे मासे खरोखरच जगले. प्रश्न एवढाच की, ते ज्या कारणामुळे जगले असे आपण सांगतो, त्याच कारणामुळे ते जगले का?

वृत्तान्त काळजीपूर्वक वाचला तर एका तपशिलापाशी थांबावे लागते. पात्राच्या तळाशी त्यांनी वाळू आणि चिखल घातला होता, वर चुनखडीच्या जातीचे सच्छिद्र दगड आणि वालुकाश्माचे तुकडे ठेवले होते. वनस्पतीला मूळ धरता यावे आणि पेटी ओढ्यासारखी दिसावी, एवढाच याचा उद्देश समजला जातो. आपल्या पुठ्ठ्यावर तर वाळूला बाणच नाही. गोगलगायसुद्धा वाटेत कोठे तरी गळून पडली. उरले मासा, वनस्पती आणि दोन वायू.

आता चित्रात नसलेल्या गोष्टीकडे येऊ. मासा फक्त श्वास घेत नाही, तो खातोही. खाद्यातल्या प्रथिनांमधला जो नायट्रोजन शरीरात वापरला जात नाही, तो आपण युरियाच्या रूपात मूत्रावाटे टाकतो. गोड्या पाण्यातला मासा तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात आणि बराचसा कल्ल्यांवाटेच टाकतो. तळ्यात हे खपून जाते, कारण पाणी अफाट असते. काचपेटीत काय होते, याचे गणित आठवीच्या वर्गात फळ्यावर करता येईल. समजा पेटीत ३० लिटर पाणी आहे आणि दिवसाला १ ग्रॅम खाद्य पडते. खाद्यात ४० टक्के प्रथिने धरू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन पेटीत गेला. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन बाहेर आला, तरी ३२ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला जवळजवळ १ मिलिग्रॅम. हे एका दिवसाचे. न खाल्लेले दाणे तळाशी कुजले तर त्यांची भर वेगळी.

एक मिलिग्रॅम अमोनिया वाईट की नाही, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातले अमोनियम आयनाचे रूप फारसे विषारी नाही, पण मुक्त अमोनिया कल्ल्यांना इजा करतो. तापमान २५ अंश असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, ८ असेल तर सुमारे ५ टक्के, ९ असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. दख्खनच्या काळ्या कातळातल्या विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा आम्लारिधर्मी असते. सामू ८ धरला, तर वरच्या हिशेबात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया झाला. माशांच्या कल्ल्यांना दीर्घकाळ त्रास व्हायला एवढा पुरतो आणि तो रोज वाढत असतो. पाणी मात्र आरशासारखे स्वच्छ दिसते, त्याला वासही येत नाही.

इथे आपल्या दोन बाणांच्या चित्राची मोठी गंमत होते. भर उन्हात वनस्पती जोमाने प्रकाशसंश्लेषण करतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि त्यामुळे सामू चढतो. हिरव्यागार पेटीत दुपारी ऑक्सिजन भरपूर असतो आणि त्याच वेळी निरुपद्रवी अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होत असते. पुठ्ठ्यावरचा बाण बरोबर असतानाच मासे तळमळतात. रात्री उलटे होते. वनस्पतीही श्वसन करतात, ऑक्सिजन वापरतात, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून येतात. त्या वेळी 'ऑक्सिजन कमी पडला' हे उत्तर खरे असू शकते. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, २० अंशाला नऊ. उन्हाळ्यात मुळातच भांडवल कमी. पण वनस्पती आहेत म्हणून ते कमी पडणार नाही, असे चित्र सांगते, ते चूक आहे.

मग वॉरिंग्टन यांचे मासे जगले कसे? वनस्पतींनी थोडा अमोनियम खत म्हणून घेतला, हे खरे. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली हेही खरे, पण गोगलगाय नायट्रोजन नाहीसा करत नाही, तीही तो टाकतेच. उरलेले काम कोणी केले?

या प्रश्नाच्या उत्तरात दुसऱ्या एका रॉबर्ट वॉरिंग्टनचा मोठा वाटा आहे, आणि हे गृहस्थ पहिल्याचे चिरंजीव होत. विज्ञानाच्या इतिहासात असे योग कमी येतात. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी १८७७ मध्ये वाळू आणि चुनखडीची भुकटी भरलेल्या लांब नळीतून शहरी सांडपाणी सावकाश झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा ही क्रिया थांबली, आणि बागेतली थोडी माती कालवलेले पाणी ओतल्यावर पुन्हा सुरू झाली. क्लोरोफॉर्मने जे झोपते आणि मातीने जे पुन्हा येते ते निव्वळ रसायन नव्हे, सजीव असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. धाकटे वॉरिंग्टन इंग्लंडमधल्या रॉथॅम्स्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात होते. त्यांनी पुढल्या वर्षापासून हे काम हाती घेतले आणि दाखवून दिले की ही क्रिया दोन टप्प्यांत होते. अमोनियाचे आधी नायट्राइट होते, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी निराळे आहेत. त्या कामकऱ्यांना वेगळे काढणे मात्र त्यांना साधले नाही. ते विनोग्राड्‌स्की यांना १८९०च्या सुमारास झुरिकमध्ये जमले.

वडिलांच्या पात्रातली वाळू आणि सच्छिद्र चुनखडी व श्लेझिंग-म्युंट्झ यांच्या नळीतली वाळू आणि चुनखडी शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकच वस्तू आहे. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे नसतात, खड्यांवर, दगडांवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, तो थोडाथोडका नव्हे. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून अधिक. त्यांच्या कामातून आम्ल तयार होते, ते चुनखडी शमवते. तेजस्वी प्रकाशात ते मंदावतात. आणि ते अतिशय सावकाश वाढतात. दुधाचे विरजण रात्रीतून लागते, पण नव्या काचपेटीला हे 'विरजण' लागायला चार ते सहा आठवडे जातात. बाजारातून आज पेटी आणून आजच मासे सोडणाऱ्याचे मासे पहिल्या पंधरवड्यात का मरतात, याचे बहुतेक वेळा हेच कारण असते.

म्हणजे वडिलांचा प्रयोग शाळेत पोचला आणि मुलाचा पोचला नाही. पोचला नाही असे म्हणणेही पूर्ण बरोबर नाही. तो पोचला, पण दुसऱ्या धड्यात. नायट्रोजनचक्र आपण शिकवतो. त्यात वीज चमकते, द्विदल वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात, शेतात बैलही काढलेला असतो. पण वर्गाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या काचपेटीत ते चक्र चोवीस तास चालू आहे, हे कोणी सांगत नाही. परिसंस्थेचा धडा एकीकडे, नायट्रोजनचा दुसरीकडे, आणि मासे मधल्या फटीत.

(या क्षेत्रात अजून नवे सापडते आहे, हेही मुलांना सांगावे. नायट्राइटचे नायट्रेट करणारा म्हणून पुस्तकांत नायट्रोबॅक्टरचे नाव असते. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी गोड्या पाण्याच्या काचपेट्या तपासल्या, तेव्हा ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा या वेगळ्याच गटाचे निघाले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या गाळणीत लागला. दोन टप्प्यांना दोन कामकरी हवेतच, हे धाकट्या वॉरिंग्टन यांचे म्हणणे सव्वाशे वर्षांनी थोडे सुधारावे लागले.)

आता हा उरलेला अर्धा भाग हाती घेऊन, काचपेटीच्या पाण्याबद्दल जे सल्ले ऐकू येतात ते तपासू.

पहिला आणि सर्वांत घातक सल्ला: दर रविवारी पेटी पूर्ण रिकामी करून खडे खळखळून धुवावेत, काच घासावी आणि ताजे पाणी भरावे. हे करणारा माणूस कष्टाळू असतो, म्हणून वाईट वाटते. सहा आठवड्यांत जमलेली वस्ती तो एका सकाळी धुऊन टाकतो. वर नळाच्या पाण्यातला क्लोरीन, किंवा गावात विहिरीत टाकलेली टीसीएल पावडर, उरल्यासुरल्या जिवाणूंचा व माशांच्या कल्ल्यांचा समाचार घेते. मुलांना याचे समर्थन पटते, कारण स्वच्छ म्हणजे चकचकीत हे समीकरण आपणच त्यांना दिले आहे. योग्य रीत साधी आहे. आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी काढावे. ते नळीने तळातून, खड्यांमधली घाण ओढत काढावे. स्पंजचा फिल्टर असेल तर तो त्याच काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली कधीही नाही. भरायचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर छायाचित्रकारांचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, त्याचे कण तेच काम क्षणात करतात.

दुसरा सल्ला याच्या अगदी उलट: पाणी बदलूच नका, आटले की वरून भर घाला. वॉरिंग्टनच्या नावाने चालतो तो हाच. जिवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट केले की ते फारसे विषारी राहत नाही, पण साठते. समजा आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. दर आठवड्याला पाव पाणी बदलले तर हा साठा वाढत वाढत ४० मिलिग्रॅमपाशी येऊन थांबतो. का थांबतो, हे भूमिती श्रेढीने काढणे दहावीपुढच्या मुलांना जमावे. बदललेच नाही तर, वनस्पती घेतील तेवढे सोडून, तो वाढतच राहतो. शिवाय बाष्पीभवनात फक्त पाणी जाते, क्षार मागे राहतात. काचेवर पाण्याच्या रेषेशी जमणारा पांढरा थर त्याची साक्ष देतो. भर घालणे वेगळे आणि बदलणे वेगळे.

हवेच्या पंपाविषयी दुकानदार आणि शिक्षक दोघांचेही मत चांगले असते आणि ते योग्यच आहे, कारणे मात्र दोघेही अपुरी देतात. बुडबुड्यांतून पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो थोडाच. बुडबुडे पृष्ठभाग ढवळतात, तळातले पाणी वर आणतात, आणि हवा-पाण्याची देवघेव मुख्यतः वर होते. पंप खड्यांखालच्या फिल्टरप्लेटला किंवा स्पंजला जोडला असेल तर तो जिवाणूंपुढून पाणी वाहते ठेवतो. हे त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. वीजबिलाच्या भीतीने रात्री पंप बंद करणे म्हणजे जेव्हा वनस्पतीही ऑक्सिजन खातात, तेव्हाच मदत काढून घेणे. वीज गेल्यावर दोनचार तास काही होत नाही, पण त्या वेळी खाद्य टाकू नये.

चिमूटभर मीठ घालण्याचा सल्ला अनेकांना अडाणी वाटतो. तो तसा नाही. नव्या पेटीत अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढते. ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरून हिमोग्लोबिनला निकामी करते. मग पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो, आणि आपण पुन्हा 'ऑक्सिजन कमी पडला' असे म्हणतो. मिठातले क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवते. तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत थोड्या मिठाला खरा आधार आहे. नेहमीसाठी ते घालत राहण्याला नाही, कारण तेही साठते आणि पाणवनस्पतींना ते मानवत नाही. निळ्या औषधाचे, म्हणजे मिथिलिन ब्ल्यूचे, मात्र समर्थन करता येत नाही. बुरशी लागलेला मासा वेगळ्या भांड्यात ठेवून ते वापरावे. खबरदारी म्हणून पेटीत ओतले तर खड्यांवरच्या जिवाणूंनाही ते सोडत नाही.

खाद्याबद्दल एकच. वरचे ६४ मिलिग्रॅमचे गणित मुलांकडून करून घ्या. वर्गातले प्रत्येक मूल 'एक चिमूट' टाकते तेव्हा चाळीस चिमटी होतात.

टीका केल्यावर, मग शिकवायचे कसे, हे सांगणे ओघानेच आले. दोन बाण पुसायचे कारण नाही. तिसरा बाण वाळूकडे काढावा आणि तो खरा आहे हे एकाही माशाला त्रास न देता दाखवावे. यासाठी प्रयोगशाळेतले अमोनियम क्लोराइड लागेल. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे तेच, पण त्यात भेसळ असते, म्हणून शाळेतली बाटलीच बरी. त्याचे ३.८ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवले की दर मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. क्लोरीन उडालेल्या पाण्याच्या तीन बादल्या घ्या, प्रत्येकी १० लिटर. पहिलीत उकळून घेतलेले खडे, दुसरीत तितकेच खडे पण कोणाच्या तरी जुन्या चालत्या पेटीतून ओले आणलेले, तिसरीत उकळलेले खडे आणि हायड्रिलाच्या भरपूर जुड्या. तिन्हींत शिंपल्यांचा थोडा चुरा टाका, हवेची नळी सोडा आणि प्रत्येकीत २० मिलिलिटर द्रावण घाला. म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम झाले. पहिल्या दोन बादल्यांवर काळे कापड टाका, तिसरी उजेडात ठेवा. माशांच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणीसंचाने एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजून आलेख काढा. नेस्लरचे द्रावण वापरण्याचा मोह टाळावा, त्यात पारा असतो.

दुसऱ्या बादलीतला अमोनिया काही दिवसांत उतरलेला दिसेल. तिसरीतही उतरेल, पण तेथे नायट्राइट फारसे दिसणार नाही, कारण वनस्पती अमोनियम थेट घेतात. तो का उतरला यावर वर्गात वाद होऊ द्यावा. पहिलीतला आलेख कित्येक दिवस आडवाच राहील. मुले कंटाळतील, कोणी तरी प्रयोग फसला असे म्हणेल. श्लेझिंग-म्युंट्झ यांचे पहिले वीस दिवस असेच गेले होते, हे त्या वेळी सांगावे. मग हवेतून, हातांवरून आलेले चार जिवाणू तेथेही वस्ती करतील. अमोनिया उतरेल, नायट्राइटचा उंचवटा येईल आणि तोही ओसरेल. नोंदीत खंड पडू नये म्हणून सुट्यांच्या पाळ्या आधी लावाव्यात.

आणि प्रदर्शनात पेटी मांडायचीच असेल तर ती दोन महिने आधी शाळेत चालू करावी. नेताना मासे वेगळ्या पिशवीत, निम्मे पाणी बादलीत, आणि खडे थोड्या पाण्यात भिजत ठेवून उघड्या घमेल्यात न्यावेत. बंद डब्यात तासन् तास राहिले तर जिवाणू गुदमरतात. खडे धुऊ नयेत, पाहुणे येणार असले तरी.